शॉकोबा

पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी उभी दिसली की तिची सीट दोन्ही तळहातांनी दाबून बघणारा माणूस तुमच्याही सोसायटीत असणारच. तो दाबतो, सोडतो, गाडी वर येताना कान देऊन ऐकतो आणि मान हलवतो. मान नेहमी नकारार्थीच हलते. गाडीचा मालक घाबरून विचारतो, "काय झालं?" हा म्हणतो, "रिबाउंड संपलाय," आणि लिफ्टमध्ये शिरतो. मालकाची रात्र वाया जाते. हा वर जाऊन वरणभात जेवतो.

आमच्याकडच्या या नमुन्याचं नाव आम्ही शॉकोबा ठेवलंय. वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी हिंजवडीत, पोट माफक. गाडी पांढरी-नारिंगी केटीएम आरसी ३९०. ही गाडी चाकणच्या कारखान्यात बनते, म्हणजे वाहतूक मेहेरबान असेल तर आमच्यापासून तासाभरावर. पण तिचा मागचा शॉकअप शॉकोबाला स्वीडनहून हवा होता. का, हे विचारायचं नसतं. विचारलंत तर तो १९७३ पासून सुरुवात करतो. त्या साली हाकान अँडरसन नावाच्या स्वीडिश गड्यानं मागे एकच शॉकअप असलेल्या यामाहावर मोटोक्रॉसची २५० सीसीची जगज्जेतेपदाची स्पर्धा जिंकली. ती एका शॉकअपची कल्पना ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन माणसाची. मग १९७६ साली केंट ओहलिन यानं शॉकअपची ओहलिन्स कंपनी काढली आणि १९७८ साली रशियाच्या मोइसेयेवनं ओहलिन्स लावून जगज्जेतेपद मिळवलं. "आणि ते कोणत्या गाडीवर? केटीएमवर!" हे वाक्य म्हणताना शॉकोबाचा आवाज किंचित कापतो. आपण तोवर भाजीची पिशवी या हातातून त्या हातात तीनदा घेतलेली असते.

इथवर चालवून घेता येतं. चालत नाही ती त्याची वजन विचारायची खोड.

त्यामागे शास्त्र आहे, ते थोडक्यात सांगून टाकतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्यावर कोण बसणार हे कंपनीला ठाऊक नसतं. म्हणून स्प्रिंग निवडताना एक सरासरी माणूस धरला जातो. हा सरासरी माणूस म्हणजे शॉकोबाचा जन्माचा वैरी. "कधी पाहिलायत का तुम्ही त्याला? कुठं राहतो तो?" असं तो तावातावानं विचारतो. तुमची स्प्रिंग तुमच्याच वजनाची पाहिजे, आणि वजनही नुसतं नव्हे. हेल्मेट, जॅकेट, बूट, हातमोजे हे सगळं धरून. गिअरसकट.

झालं. तेव्हापासून शॉकोबाला जगात नुसतं वजन दिसतच नाही. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं तर तो म्हणाला, "हे एकोणऐंशी. गिअरसकट सत्त्याऐंशी लिहा." डॉक्टर मान वर न करता लिहीत होते, त्यांनी तसंच लिहिलं, आणि पुढच्या खेपेला आठ किलो कमी झाल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. बारशाला सगळ्या बायका "बाळ कुणावर गेलंय" या वादात रंगलेल्या असताना यानं विचारलं, "जन्मतः वजन किती?" तीन किलो दोनशे. "दुपट्यासकट?" वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींनाही त्यानं सोडलं नाही. गुरुजी मुरलेले होते. म्हणाले, "जेवणाआधीचं सांगू की नंतरचं? तुमच्या स्प्रिंगला कोणतं चालेल?" शॉकोबानं त्यावर खरोखर विचार केला आणि दोन्ही लिहून घेतली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये 'सॅग', म्हणजे वजनानं गाडी किती दबते ते, मोजायचा कार्यक्रम असतो. त्याला तीन माणसं लागतात: एक बसायला, एक गाडी तोलून धरायला, एक टेप लावायला. पेपर आणायला खाली उतरणारा माणूस हा शॉकोबाच्या हिशेबात गाडी धरणारा माणूस. आधी मागचं चाक अधांतरी ठेवून आसापासून शेपटापर्यंत माप घ्यायचं. मग गाडी स्वतःच्या वजनावर टेकवून पुन्हा तेच. मग शॉकोबा हेल्मेट, जॅकेट, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि खाली घरातली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी अशा वेषात गाडीवर चढतो आणि श्वास रोखून बसतो. माप घेणारा ओरडतो, "बेचाळीस मिलिमीटर!" रोखलेला श्वास सुटतो. "जास्त आहे. पस्तीस पाहिजे." पुन्हा पाना, पुन्हा स्प्रिंगवरचा आटा दोन फेरे, पुन्हा श्वास. दूध, पेपर, कामवाल्या मावशी सगळे या विधीला वळसा घालून जातात.

या वेळी कुणी चुकूनही म्हणू नये, "हं, म्हणजे स्प्रिंग कडक केली." मग टेप खाली ठेवली जाते. प्रीलोड, म्हणजे तो आटा, पिळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. ती तेवढीच राहते, फक्त गाडी किती उंचीवर बसते ते बदलतं. कडक हवी असेल तर स्प्रिंगच दुसरी घ्यायची. मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि ते खरं आहे, हे अधिक त्रासदायक.

स्वीडनचा शॉकअप मागवताना एक फॉर्म भरायचा होता. चालवणाऱ्याचं वजन (गिअरसकट), गाडीचा वापर कशासाठी, मागे कुणी बसणार का. शॉकोबानं लिहिलं: सत्त्याऐंशी; ट्रॅक नव्वद टक्के, रस्ता दहा टक्के; मागे बसणारं: कुणी नाही. हा कागद प्रिंटरवर राहिला आणि वहिनींना सापडला. सतरा वर्षांच्या संसारानंतर 'कुणी नाही' वाचणं कुठल्या बाईला आवडेल? शॉकोबानं समजुतीसाठी सांगितलं की मागे बसणारं धरलं तर स्प्रिंग जाड घ्यावी लागते आणि एकट्याला ती उडवते. प्रश्न भावनेचा नसून न्यूटन प्रति मिलिमीटरचा आहे. वहिनी म्हणाल्या, "माझं वजन विचारलं असतंस तरी चाललं असतं." सबंध सोसायटीत, गुरुजींपासून बाळापर्यंत, त्यानं फक्त हे एकच वजन विचारलं नव्हतं. पुढचा आठवडा तो डबा न घेता कामावर जात होता, असं वॉचमनकडून कळलं.

आणि ते नव्वद टक्के ट्रॅक! त्याबद्दल बोलायचं तर जरा आवाज खाली आणावा लागतो. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे. तिथे एकदा दिवसभर गाडी फिरवायची, एवढंच शॉकोबाचं आयुष्यभराचं मागणं आहे. दरवर्षी तो पैसे भरतो आणि दरवर्षी जाणं राहून जातं. एका वर्षी मुलाची दहावी, एका वर्षी वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, एका वर्षी कंपनीत कुणाला तरी काढायचं होतं आणि रजेवर असणारा माणूस त्यात आधी सापडतो म्हणून. चामड्याचा सूट कपाटात बायकोच्या पैठणीशेजारी लटकलेला आहे. वेगळ्या कारणांनी, पण दोन्ही सारख्याच क्वचित बाहेर निघतात. एवढा महागाचा शॉकअप रोज वाकडच्या पुलाखाली पहिल्या गिअरमध्ये उभा असतो आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सहा आसनी रिक्षाला त्याचं काही वाटत नाही.

त्यामुळे उरलेला सगळा जोर रस्त्यावर निघतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. तो कुणी घातला, कधी घातला, रात्रीतून घातला का, याची नोंद कुठेच नाही. शॉकोबानं भर दुपारी त्याचं माप घेतलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं तो ओलांडता येतो. आमचा निघाला १९ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम हातभर रुंद. त्यानं मापं, आकृती आणि मानकाचा क्रमांक जोडून संबंधित कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं. अर्जाची दखल घेऊन गतिरोधकाला पांढरे-पिवळे पट्टे मारण्यात आले आहेत.

मला वाटायचं, हा सगळा मनाचा खेळ. क्लिक फिरवायचे, वहीत लिहायचे, ताम्हिणीत लोक भजी खात असताना एकट्यानं स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली वाकायचं. फरक काय कपाळाचा कळत असणार? हे तपासायचा बेत आमच्यातल्या एका टवाळ मित्रानं पैज लावून केला. घाटात शॉकोबा कणीस घ्यायला गेला तेव्हा यानं गुपचूप रिबाउंडचा, म्हणजे दबलेली गाडी किती झपाट्यानं वर येते त्याचा, खटका पुरता आवळून ठेवला. सगळे तोंड दाबून हसायला तयार. शॉकोबा निघाला, पहिल्या वळणापर्यंत गेला, वळून परत आला, हेल्मेट न काढता उतरला आणि म्हणाला, "कुणी हात लावला?" खड्ड्यांमागून खड्डे आले की मागची बाजू वर यायच्या आत पुन्हा दबते आणि खाली खाली बसत जाते, असं त्याला शंभर मीटरमध्ये कळलं होतं. खाली वाकून खटका सोडला, मोजले, वहीत लिहिलं आणि कणीस खाल्लं. रागावला नाही. मित्रच रागावला, पैज हरल्यामुळे.

पण मला खरं वळवलं ते आमच्या दूधवाल्या मामांनी. मामा मुळशीकडून पहाटे स्प्लेंडरवर येतात, दोन्ही बाजूंना कॅन लावून. एवढ्या ओझ्यानं गाडी मागे बसायची, तोंड वर व्हायचं. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचा आणि पुढचं हँडल हलकं लागायचं. एके पहाटे शॉकोबानं त्यांना गेटवर अडवलं आणि अर्थातच विचारलं, "मामा, वजन किती?" मामा म्हणाले, "माजं का दुधाचं?" दोन्ही. ऐंशी लिटर. शॉकोबा तिथंच हिशेब करायला लागला, की पाण्यासारखं लिटरला किलो धरायचं नाही, दूध लिटरला एक किलो तीस ग्रॅम भरतं. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, आमचं पाण्यासारखंच धरा."

स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपला पाच पायऱ्या असतात. ती गाडी घेतली तेव्हापासून पहिल्याच पायरीवर होती. मामांना कुणी सांगितलंच नव्हतं की तिथे काही फिरतं. शॉकोबा फरशीवर मांडी घालून बसला, पाना लावून दोन्ही बाजू पाचव्या पायरीवर नेल्या, मामांना वर बसवलं, हेडलाइट भिंतीवर पाडून बघितला आणि खडूनं रेघ मारून दिली. रिकामे जाताना दोन नंबर, भरून येताना पाच. पाना मामांनाच देऊन टाकला. तो पाना स्वीडनच्या खोक्यातून आलेला होता, बारीक अक्षरात कंपनीचं नाव असलेला. आता तो दुधाच्या कॅनला बांधलेला असतो. आणि उजेड रस्त्यावर पडतो.

तेव्हापासून शॉकोबाकडे रविवारी सकाळी कुरिअरवाली पोरं येतात, गॅसवाला येतो, पिझ्झावाला येतो. तो कुणाकडून पैसे घेत नाही, फक्त वही पुढे करतो. वहिनी वरून चहा पाठवतात. मागच्या पानावर त्यांचंही वजन लिहिलेलं आहे, गिअर न धरता, असं त्यानं स्वतः सांगितलं. आकडा विचारल्यावर मात्र वही बंद केली.

तेव्हा शॉकअप बदलायचा विचार असेल तर आधी आहे त्याचाच सॅग मोजून घ्या. त्याला टेप, दोन शेजारी आणि अर्धा तास एवढंच लागतं. निम्म्यांची तक्रार तिथेच मिटते. शॉकोबा आठ ते दहा खाली असतो. वजन खरं सांगा, बुटांसकट.