नेहमीचंच ना?

सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचमंड भागातून ३८ नंबरची बस गिअरी बुलव्हार्डवरून समुद्राकडे जाते. त्या रस्त्याच्या आसपास अशी खाण्याची दुकानं होती, अजूनही थोडी आहेत, ज्यांना नाव असून नसल्यासारखं असतं. पाटीवरची एक-दोन अक्षरं धुक्याने आणि खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली. खाली मात्र ठसठशीत लिहिलेलं: चायनीज अँड अमेरिकन फूड. अशा जागेला गिऱ्हाइकं ‘कोपऱ्यावरचं’ म्हणतात आणि ती चालवणाऱ्या बाईला आंटी.

आंटी ही बाई नसून जातकुळी आहे. ओकलंडला गेलात तर तिथेही भेटेल, सॅक्रामेंटोलाही. वय पंचावन्न ते पंचाहत्तरच्या दरम्यान कुठेही, आणि वर्षानुवर्षं तेवढंच. केस आखूड आणि एका घाटात कुरळे केलेले. अंगात बिनबाह्यांचं फुगीर जाकीट, जुलैतसुद्धा, कारण या शहरात जुलै हा हिवाळ्याचाच एक महिना आहे. खिशात दोन पेनं, कानामागे तिसरं, आणि ऑर्डर लिहून घेताना शोधाशोध चौथ्याची.

तुम्ही दारातून आत शिरता तेव्हा ती तुमच्याकडे बघत नाही. “किती?” एवढंच विचारते. तुम्ही एकटे आहात हे उघड दिसत असतं, तरीही विचारते. हिशेब हिशेबाच्या जागी. मग हनुवटीने जागा दाखवते. खिडकीजवळचं चौघांचं बाक रिकामं असलं तरी एकट्या माणसाला ते मिळत नाही. गयावया करून बघितलेले लोक मला माहीत आहेत. तेही माझ्याबरोबर काउंटरपाशी, फिरत्या स्टुलावर बसलेले असतात. स्टुलाचं लाल रेक्झिन फाटलेलं असतं आणि त्यावर चंदेरी चिकटपट्टी मारलेली असते. पुढच्या वेळी जाता तेव्हा पट्टीवर पट्टी असते.

समोर बाटल्यांचं संमेलन. केचप, टबॅस्को, हिरव्या टोपणाचा श्रीराचा आणि लाल टोपणाची किक्कोमनची सोया सॉसची बाटली. या शेवटच्या बाटलीचा आकार केंजी एकुआन नावाच्या जपानी डिझायनरने १९६१ मध्ये ठरवला. जगभरची डिझाइनवाली मंडळी त्याचं कौतुक करतात. आंटी ती पाच लिटरच्या डब्यातून पुन्हा पुन्हा भरते आणि डब्यावरचं नाव किक्कोमनच असेल याची काही हमी नसते.

मेन्यू दोन पानी, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, कडा उसवलेल्या. डाव्या पानावर हॅम अँड एग्ज, हॅश ब्राउन, पॅनकेक, क्लब सँडविच, ग्रेव्हीतला पोर्क चॉप. उजव्या पानावर वाँटन सूप, चाउ मेन, एग फू यंग, ब्रोकोली बीफ. मधली शिवण कधीच उसवलेली आहे. पोर्क चॉपबरोबर “भात की फ्राइज?” असं विचारतात, आणि लाप चाँग म्हणजे गोडसर चिनी सॉसेज, दोन अंडी, भात आणि वर लोण्याचा टोस्ट हा पदार्थ कुठल्या पानावर घालावा याचा निर्णय न झाल्यामुळे तो दोन्ही पानांवर आहे, वेगवेगळ्या किमतीला. अनुभवी गिऱ्हाईक डावीकडून मागवतं.

पहिल्या खेपेला माणूस मेन्यू वाचत बसतो. आंटी येते. “ठरलं?” तुम्ही म्हणता, जरा दोन मिनिटं. ती जाते. आंटीकडे दुसरी संधी असते, पण तिची तारीख ती ठरवते. एकदा ऑर्डर दिलीत की मात्र तुमची नोंद झाली. कुठल्या वहीत, कोण जाणे. सहा महिन्यांनी गेलात तरी ती कॉफी ओतत म्हणते, “नेहमीचंच ना?” हा प्रश्न नाही. प्रश्न समजून एकदा मी म्हटलं, आज पॅनकेक. ओतणं थांबलं. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. “का? बरं नाही?”

या तऱ्हेवाईकपणाला शहरात परंपरा आहे. चायनाटाउनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या सॅम वो या तीन मजली चिंचोळ्या खाणावळीत, जिथे स्वयंपाकघरातूनच आत शिरावं लागे, एडसेल फोर्ड फंग नावाचे वेटर होते. जगातला सगळ्यात उद्धट वेटर ही त्यांची पदवी. बसा आणि गप्प राहा, हे त्यांचं स्वागत. मेन्यूतलं काय खायचं हे ते ठरवत, काटा मागणाऱ्याचा उद्धार करत आणि गिऱ्हाइकांना ताटं वाहायला लावत. वर्तमानपत्रात हर्ब केन यांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि लोक लांबून अपमान करून घ्यायला येऊ लागले. १९८४ मध्ये ते वारले. पण फंग यांच्यात थोडं नाटक होतं, प्रेक्षक आहेत हे त्यांना माहीत होतं. आंटीच्या बाबतीत तसं नाही. तिला खरोखरच वेळ नाही.

वेळ नसण्याचाही एक इतिहास आहे आणि तो गमतीचा आहे. १८४९ मध्ये सोन्याच्या मागे जग इथे धावत आलं तेव्हाच दक्षिण चीनमधल्या लोकांनी या गावात खाणावळी काढल्या होत्या. एक डॉलर टाका, पोटभर खा. तेव्हापासून तिथे दोन्ही तऱ्हेचं अन्न मिळायचं, कारण खाणकामगाराला भुकेच्या वेळी ओळखीचं काहीतरी लागतं. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना बंदी घातली. व्यापाऱ्यांना मुभा होती. १९१५ मध्ये एका न्यायालयाने खाणावळीचा मालकही व्यापारीच, असं मानलं आणि मग चिनी खाणावळी भराभर निघाल्या. अट अशी की मालकाने मालकासारखं राहायचं, हाताने कष्टाचं काम करायचं नाही. म्हणजे ताटं उचलताना सापडला की तो मजूर, गल्ल्यावर बसलेला दिसला की व्यापारी. १९४३ मध्ये तो बंदीचा कायदा गेला. बरं झालं. आंटी एका हातात तीन ताटं, दुसऱ्या हातात कॉफीचा जग आणि खांद्याने दार ढकलत येते, तेव्हा ही अट तिला लावली असती तर पहिल्या तासाभरात तिची बोटीवर रवानगी झाली असती.

तिचे भाऊबंद देशभर आहेत आणि प्रत्येकाने स्थानिक मंडळींना काय पचेल ते बघून पाऊल टाकलंय. सेंट लुइसमध्ये एग फू यंगची टिक्की पांढऱ्या पावात मेयोनेज, लोणच्याच्या काकडीसकट घालून देतात आणि तिला सेंट पॉल सँडविच म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला चाउ मेन हॅम्बर्गरच्या पावात भरतात, वरून ग्रेव्ही. मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला डेव्हिड लियाँग यांनी १९६३ मध्ये स्वतःचं हॉटेल काढलं. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून लढलेला. गावाचा जीव तळलेल्या कोंबडीवर आहे हे त्यांनी ओळखलं, म्हणून तळलेल्या तुकड्यांवर ऑयस्टर सॉसची ग्रेव्ही ओतली आणि वर काजू टाकले. आज तो त्या गावाचा अभिमानाचा पदार्थ आहे. अस्सल चिनी काय आणि काय नाही यावर जे लोक तावातावाने बोलतात, त्यांना मी नेहमी हे काजू दाखवतो. आपण शेजवान डोसा खाणारे लोक. आपण तरी या वादात पडू नये.

काउंटरवरची कायमची मंडळी म्हणजे रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सबाई, बंदरावरचे निवृत्त आजोबा, आणि मुनीचे चालक. मुनी हे इथल्या शहर बससेवेचं नाव. तपश्चर्या असलीच तर ती थांब्यावर उभ्या असलेल्यांची. हे सगळे एकमेकांशी बोलत नाहीत, पण कोणी आठवडाभर आला नाही की आंटी बाकीच्यांना जाब विचारते. “तुझा मित्र कुठाय?” मित्र नाहीच म्हटलं तर, “शेजारी बसतो ना तुझ्या?” यापुढे बोलायला काही उरत नाही.

माझी बढती झाली ती बिलाच्या छपाई यंत्रामुळे. भारतीय माणूस म्हणजे कम्प्युटरवाला, हा आंटीचा सिद्धांत. मी पुलांचं काम करतो, सिमेंट आणि लोखंड, असं मी तिला अनेकदा सांगितलं आहे. ती समजूतदारपणे मान हलवते आणि यंत्र पुढे सरकवते. मी त्याची वायर काढून परत खोचली. ते कुरकुर करत चालू झालं. आंटीने काही न बोलता माझ्यासमोर लाल जेलीची वाटी ठेवली. तेव्हापासून मुनीचे चालक आपले फोन घेऊन माझ्याकडे येतात.

नाशिकहून मावशी आली होती, तिलाही मी तिथे नेलं. मावशी शाकाहारी, अंडंही नाही. मी मेन्यूवर बोट ठेवून समजावत होतो, तेवढ्यात आंटीने मेन्यू माझ्या हातातून काढून घेतला. “ग्रेव्हीत ऑयस्टर. सुपात कोंबडी. फ्राइड राइसमध्ये अंडं. हे सगळं नको.” मोठमोठ्या हॉटेलांत हसतमुखाने ‘होय मॅडम, व्हेज’ म्हणणारे खूप भेटले, स्वतःचा अर्धा मेन्यू गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेणारी ही एकच. मग नुसत्या लसणात परतलेल्या घेवड्याच्या शेंगा आल्या, भात आला, चीज लावून भाजलेलं सँडविच आलं. मावशीने पर्समधून कैरीच्या लोणच्याची बाटली काढली. “अरे, चालेल ना रे इथे?” मी काही म्हणायच्या आत आंटीने बाटली उचलून वास घेतला आणि ती आत घेऊन गेली. बाटली परत आली तेव्हा अर्धी झाली होती. पुढचा अर्धा तास दोघी गुडघ्यांविषयी बोलत होत्या, एक मराठीत आणि एक कँटनीजमध्ये. मावशी रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “बाईंनी ओव्याचा शेक सांगितलाय.” मला वाटतं, ते मावशीनेच सांगितलं असावं.

दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी ओसरते. आंटी तेव्हा शेवटच्या टेबलावर बसते. आतून तिचे यजमान येतात. एका बाजूला तव्यावर हॅश ब्राउन आणि दुसऱ्या बाजूला पेटलेल्या कढईत चाउ मेन, हे दिवसभर दोन हातांनी चालवणारा माणूस अगदी हळू चालत येतो. दोघांच्या मध्ये ठेवलेलं जेवण मात्र मेन्यूच्या कुठल्याच पानावर नाही. वाफवलेला खिमा, त्यावर खारवलेल्या माशाचा तुकडा, उकडलेली हिरवी भाजी आणि भात. लोकांना दिवसभर त्यांच्या त्यांच्या ओळखीचं वाढायचं आणि आपल्या ओळखीचं तीन वाजता खायचं.

एकदा मी म्हटलं, मला ते हवंय.

“मेन्यूत नाही.”

“म्हणूनच.”

“वास येतो. तुला नाही आवडणार.”

आता मात्र प्रश्न इभ्रतीचा होता. मी फोनवर वर्सोव्याच्या किनाऱ्यावर काठ्यांना टांगून वाळत घातलेल्या बोंबलांचा फोटो शोधून काढला आणि तिच्यापुढे धरला. आंटीने तो दोन बोटांनी मोठा केला. यजमानांना दाखवला. दोघांत बराच वेळ जोरजोरात काहीतरी झालं. मग कळलं की हा मासा त्यांच्याकडे, हाँगकाँगला, चांगला माहितीचा आहे. तिकडे ताजा घेऊन पिठात घोळवून मीठ-मिरीत कुरकुरीत तळतात. म्हणजे आमचा बोंबील फ्रायच की! मला एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. आंटीला मात्र राग आला होता.

“एवढा चांगला मासा उन्हात वाळवता? वाया घालवता?” चॉपस्टिकमध्ये खारवलेल्या माशाचा तुकडा धरून ती मला विचारत होती.

मी पावसाळ्याचं सांगितलं, मासेमारी बंद असते हे सांगितलं. यजमानांना पटलं. त्यांनी आपल्या वाटीतला अर्धा तुकडा माझ्या भातावर ठेवला. मासा खारट, उग्र आणि फार सुरेख होता. आंटी मी खातोय की टाकतोय हे बघत होती.

“शेजारी काही म्हणत नाहीत?” तिने विचारलं. “वाळवताना. वासाचं.”

मी म्हटलं, मुंबईत हा विषय मोठा आहे, सोसायटीच्या बैठका होतात, सांगायला घेतलं तर आणखी एक कॉफी लागेल. ती उठली आणि नारिंगी मुठीचा जग घेऊन आली. अमेरिकेत नारिंगी मूठ म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी. मी म्हटलं, ही नको, साधी दे.

“तीन वाजून गेले,” आंटी ओतत म्हणाली. “रात्री झोपायचं नाही का तुला?” आणि बिलावर भात जास्तीचा म्हणून दोन डॉलर लावले.