सौजन्य आणि सीमोल्लंघन

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरोधी विनियम जारी करून विद्यार्थी व पालक या उभयतांकडून हमीपत्र लिहून घेण्याची तजवीज केल्यापासून, शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतही सौजन्य हा सद्गुण संस्कारांच्या हवाली न ठेवता दप्तरी दाखल करण्याचा शिरस्ता पडला आहे. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या, २०१५ साली सुरू झालेल्या, ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवावे, ही सूचनाही स्तुत्यच. तथापि, ज्या शिरूरला रेल्वे नाही तेथून, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवीत, भीमा ओलांडून दौंड जंक्शन गाठणाऱ्या आमच्या चिरंजीवांचे सौजन्य आणि सुरक्षितता कोणत्या वकिलातीने पाहावी, याविषयी मात्र सदरहू फर्माने मौन पाळून आहेत.