भांडण्यापुरती ओळख

सलोखा हा शब्द आपण अलीकडे फारच गोड करून टाकला आहे. सणाच्या सकाळी चंद्रकोरीचं किंवा पणतीचं चित्र पाठवायचं, पलीकडून जोडलेले हात यायचे, आणि दोघांनीही सुटलो बुवा म्हणत पुढच्या सणापर्यंत एकमेकांबद्दल काहीही जाणून न घेण्याच्या बोलीवर आपापल्या कामाला लागायचं. या सभ्यपणाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. हल्लीच्या दिवसांत तेवढंही पुष्कळ. पण वाटतं, कुणाशी मनापासून भांडावं एवढीसुद्धा ओळख आता उरलेली नाही.

एकनाथांना ही अडचण नव्हती. सोळाव्या शतकातलं पैठण, गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत. दोन्हीकडची बोली कानावरून रोजच जाणारी. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दख्खनी वळणाच्या हिंदीत, आणि दुभाष्याची गरज कुणालाच पडत नाही. टोमणा बरोबर जागी लागतो. एक जण दुसऱ्याचे दगडाचे देव आणि पाण्यातल्या बुड्या काढतो. दुसरा विचारतो, देव सगळीकडे आहे म्हणता, मग पश्चिमेकडेच तोंड का करता? बाहेरच्या माणसाला हे सुचायचं नाही. माजघरापर्यंत ज्याचं जाणं-येणं असतं, त्यालाच कुठल्या भिंतीला ओल आली आहे ते ठाऊक असतं. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात, आणि आपण वाचक मंडळी घाईघाईने त्या आलिंगनापाशी जाऊन डोळे टिपतो. मला मात्र आधीची खडाजंगी वाचतानाच जास्त धीर येतो. इतकं ऐकून घेऊनही दोघांपैकी कुणी उठून गेलं नाही!

तशीच एक जोडी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभी होती. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी, भोवती वाळूत श्रोते. समुद्र किनाऱ्याशी काढतो तसा तोच वाद ही मंडळी पुन्हा पुन्हा काढत राहिली. त्या वर्षी उत्तरेत काय पेटलं ते आपण जाणतोच. इथे मोक्ष नेमका कुणाच्या वाटेने मिळतो याचा निवाडा चालला होता. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादाचं पुस्तकही छापलं. विष्णुबुवा काही ख्रिस्ती झाले नाहीत आणि बोवेनसाहेबांनी काही भगवी वस्त्रं घेतली नाहीत.

माझ्या आजीला आणि वाड्यातल्या खालाजानना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. पण घराणं तेच. विषय ठरलेला: खरा उपास कुणाचा? खालाजान ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत म्हणायच्या, “आक्का, तुमचा उपास म्हंजे खिचडी, भगर, रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू. हम लोगां थूक बी निगलते नै.” वर आमचीच म्हण आम्हाला ऐकवायच्या, “एकादशी अन् दुप्पट खाशी!” आजी वातीवरची नजर न काढता सांगायची, “तुम्ही पहाटे खाताच की. सूर्य उठायच्या आत उरकता, म्हणून त्याला दिसत नाही, एवढंच.”

पण पंचांग दोघींचंही चंद्राच्या हातात. त्यामुळे रमजानच्या महिन्यातही एकादशा यायच्याच. त्या संध्याकाळी खालाजानकडून खजुराची पुडी यायची, कारण इफ्तारला खजूर लागतो आणि उपासालाही चालतो. आणि आमच्याकडून पितळी डब्यातून साबुदाण्याची खिचडी जायची. ने-आण माझ्याकडे. आलेला खजूर आजी धुऊन घ्यायची. धुतला की तो शुद्ध होतो हे तिने कुठल्या पोथीत वाचलं होतं कोण जाणे. पण पाणी निथळेपर्यंतसुद्धा तिला दम निघत नसे. तिकडे खालाजान खिचडीवर बिस्मिल्ला म्हणून घ्यायच्या. अशी दोन्ही बाजूंनी कायदेशीर तजवीज झाली, की दोन घरांत एकाच वेळी तोंडं हलू लागायची.

डबा परत करायला मात्र खालाजान स्वतः यायच्या. रिकामं भांडं देऊ नये म्हणून तळाशी मूठभर साखर, आणि ओठांवर दिवसभर राखून ठेवलेलं वाक्य. एकदा म्हणाल्या, “खिचडीत मिरची कमी पडली, आक्का. तुमचा देव तिखट खात नै क्या?” त्यावर आजीने दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं, पण ते दोन्ही धर्मांच्या लोकांना सारखंच झोंबेल, म्हणून इथे छापत नाही.