बताइए मत!

पापापासून लांब राहू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने घर करायला बनारससारखं गैरसोयीचं गाव नाही. आमच्या काकांनी नेमकं तेच निवडलं. नगरच्या मिशनमध्ये वाढलेले काका इथल्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात लागले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. रविवारी छावणीतल्या लाल गिरजाघरात उपासना, उरलेले सहा दिवस शंका.

पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र त्यांना तोंडपाठ. बाजारात जे मांस विकतात ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलंच, तर मात्र नको. "करिंथात मांस होतं, इथे लाडू आहेत," हे काकांचं भाष्य. त्यामुळे शेजारचे पंडितजी मंगळवारी संकटमोचन मंदिरातून डबा घेऊन आले, की काका आतूनच ओरडतात, "बताइए मत!" पंडितजीही आता सरावलेत. हवापाण्याचं विचारत ते डबा काकूंकडे सरकवतात. झाकणावर मारुतीचं चित्र असतं, म्हणून काकू लाडू ताटलीत काढूनच बाहेर आणतात. काका डोळे मिटून खातात. तुपाबद्दल कौतुकाचा शब्द ओठांवर येतो, पण गिळतात. कौतुकातून चौकशी निघायची.

त्याच पत्रात दुर्बळ बंधूही आहे. आपलं खाणं पाहून ज्याची श्रद्धा डळमळेल, त्याच्यासमोर खाऊ नये. मी पुण्याहून गेलो तेव्हा त्या जागेवर माझी नेमणूक झाली. माझ्यादेखत काकांनी लाडवाला बोट लावलं नाही. मी अंघोळ करून आलो तोवर ताटली रिकामी होती.

होळीला प्रकरण उलटं. ठंडाईच्या दुकानात चौकशी केलीच पाहिजे. "बिना भांग की?" हे काका इतक्यांदा विचारतात की दुकानदारालाच शंका येते. कारखान्यातले एक जुने सोबती त्यांना छेडतात: भांगेचा ठेका सरकारमान्य आहे आणि रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात सत्तेला मान द्या असं लिहिलंय. "मान द्या म्हटलंय, पिऊन दाखवा म्हटलेलं नाही," काका म्हणतात. हे उत्तर मात्र मला पटलं.

गाण्याचा प्रश्न अवघड. हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचनात रात्र रात्र संगीत चालतं, तेही फुकट. 2015 साली गुलाम अली तिथे गाऊन गेले, तेव्हापासून काकांनी ऐकण्यापुरती परवानगी स्वतःला दिली आहे. पण बनारसी श्रोता समेवर खूश झाला की "हर हर महादेव" गर्जतो. त्या क्षणी काका खोकतात. खोकला तालात असतो.

त्यांचं दैवत (हा शब्द त्यांना चालणार नाही) म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित मिशनऱ्यांचं खंडन करायला गेला आणि 1848 साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. पुढे पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागेही त्यांच्या युक्तिवादाचा हात होता. बाप्तिस्म्यानंतरही गोऱ्यांच्या शंका थांबल्या नाहीत, यावर काका फार खूश. "शंका हे आम्हा काशीकर ख्रिश्चनांचं वतन आहे!"

"त्यांनी षड्दर्शनांवर शंका काढल्या," काकू म्हणतात, "तुम्ही बेसनावर काढता."

एकदा काकांनी पाळकांनाच गाठलं. तुमचा विवेक सांगेल तसं करा, पाळक म्हणाले. काका रागावून घरी आले. "अहो, विवेकाचीच तर तक्रार घेऊन गेलो होतो!"

पण हा विवेक सगळीकडे असा चाचरत नाही. पैसे द्यायचे असले की तो एकदम कडक होतो. ब्रह्माघाटाकडची मराठी मुलं गणपतीची वर्गणी मागायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. मूर्तिपूजेला एक पैसाही देणार नाही, असं काकांनी दारात उभं राहून बजावलं. दोन्ही करिंथकरांस पत्रं त्यासाठी खर्ची घातली. मुलं निमूट ऐकत होती. काकूंनी आतून पैसे आणून दिले आणि पावती स्वतःच्या नावावर करायला सांगितली.

काकांनी पावती हातात घेतली, नीट वाचली, आडनावातला ऱ्हस्व दीर्घ करवून घेतला. मग मुलांना जिन्यात गाठून हळूच विचारलं, "यंदा जेवण कुठल्या दिवशी आहे? आणि पुरणपोळी नैवेद्याच्या आधी वाढता येईल का?"