स्वर्ग दोन इंच उरला

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर एक गतिरोधक आहे. तो पालिकेने घातला की बिल्डरने, हे कोणालाच ठाऊक नाही. पण घालणाऱ्याच्या मनात डोंगर होता एवढं नक्की. माझी साधी सेडान त्यावरून उतरताना रोज पोटातून ‘खर्रर्र’ करते. तो आवाज ऐकून क्लिअरन्सराव तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येतात.

“किती आहे हो तुमचं?” त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं. लोक वय विचारतात, पगार विचारतात, फ्लॅटचा भाव विचारतात. हे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, विचारतात. मी अंदाजाने “एकशे पासष्ट मिलिमीटर असेल” म्हणालो, तर जणू हिमोग्लोबिनचा आकडा सांगितल्यासारखे ते “अरेरे” म्हणाले.

बेंगळुरूतल्या आयटीवाल्या मराठी माणसाची पहिली काही वर्षं घराच्या हप्त्यात जातात. मग चाळिशी येते. काहींना मॅरेथॉन लागते, काही घरी पाव भाजू लागतात आणि उरलेल्यांना चिखल लागतो. क्लिअरन्सराव तिसऱ्या पंथातले. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली आणि कऱ्हाडच्या या गृहस्थाने पुढच्याच वर्षी ती दारात उभी केली. “आपल्या नाशिकची लेक आहे,” असं ते पेढे वाटताना म्हणाले. थार नाशिकच्या कारखान्यात बनते हे खरं. पण पेढे देताना त्यांचा चेहरा असा होता की सूनच आणली.

या लेकीची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर. म्हणजे हाताची एक वीत. घर ते ऑफिस या आउटर रिंग रोडच्या प्रवासाला, जिथे बरेचदा गाडीपेक्षा शेजारचा भाजीवाला पुढे असतो, एक वीत पुष्कळ झाली. पण क्लिअरन्सरावांना स्वर्ग दोन इंच उरला होता, आणि ते दोन इंच विकत मिळतात असं त्यांना कळलं.

इथल्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीतले उस्ताद त्यांना भेटले. उस्तादांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चाकावर थाप मारली आणि म्हणाले, “दो इंच बस, साब. ज़्यादा नक्को. गाडी लुढक जाती.” (हा ‘नक्को’ आपलाच, दख्खनी बोलीने आपल्याकडून नेला आणि वर एक ‘क’ व्याजाचा लावला.) उंच स्प्रिंगा बसल्या. क्लिअरन्सरावांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं, जमिनीवर जुनी चादर अंथरली, मोजपट्टी घेऊन गाडीखाली सरपटत गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

“काय झालं?”

“अहो, तेवढंच आहे.”

यात उस्तादांची लबाडी नव्हती. थारचा मागचा एक्सल अखंड; दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियलचा लोखंडी गोळा. स्प्रिंगा उंच केल्या की वर जातं ते धूड. त्याचा बंपरला फायदा होतो, चढाच्या टोकावर पोट टेकत नाही, नाही असं नाही. पण गोळा चाकांच्या आधाराने उभा असतो, तो जिथल्या तिथे. त्याला उचलायचं तर चाकच मोठं हवं. म्हणून ३१ इंची टायर काढून ३३ इंची आणले. आता व्यास दोन इंचांनी वाढला तरी गोळा चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे तो वर गेला एकच इंच. शाळेत त्रिज्या शिकवतात ती याचसाठी. दोन इंचांचे पैसे देऊन एक इंच घरी आला.

पुढचं साधूच्या लंगोटीच्या गोष्टीसारखं झालं. लंगोटी उंदराने कुरतडली म्हणून मांजर, मांजराला दूध हवं म्हणून गाय. इथे टायर वळताना बंपरला घासू लागले म्हणून बंपर कापला. कापलेला बंपर दिसेना बरा म्हणून लोखंडी आणला. लोखंडी बंपर आहेच तर त्यावर विंच बसवली. या सगळ्याच्या वजनाने गाडीचं नाक इंचभर खाली बसलं, म्हणून आणखी कडक स्प्रिंगा. स्पीडोमीटरला मात्र मोठ्या टायरची खबर कोणी दिली नाही. तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते. “वेळेवर पोचायला बरं,” इति क्लिअरन्सराव.

कायद्याचं मी एकदा काढून पाहिलं. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली. क्लिअरन्सरावांनी बोटं मोजली. “म्हणजे पस्तीस हजार. टायरपेक्षा स्वस्तच की हो!” कैदेचा भाग त्यांनी मोजला नाही. सिग्नलवर पोलीस दिसला की मात्र ते अचानक सीटमध्ये खाली घसरतात. एवढी उंची वाढवून शेवटी माणूसच बसका होतो.

आणि एवढ्या सरंजामानिशी ही गाडी किती वेळा चिखलात गेली? एकदा. पावसाळ्यात, सकलेशपूरकडे, कॉफीच्या मळ्यांमधल्या चढावर. ती तिथे अशी रुतली की विंचचा दोर बांधायला समोर झाडसुद्धा योग्य अंतरावर नव्हतं. तासाभराने मागून एक जुनी जिप्सी आली. कमानपाट्यांवर कुरकुरणारी, काडीचा बदल न केलेली, मागे खताची पोती. चालवणारे म्हातारे मळेवाले उतरले, खाली वाकले आणि सगळ्या टायरांच्या व्हॉल्व्हमध्ये एकेक काडी खुपसून उभे राहिले. ३२ ची हवा १८ वर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त जागा धरतो, एवढंच. थार आपल्या पायांनी वर आली. क्लिअरन्सराव हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यात जिप्सी येत नाही. हवा फुकट असते, हे त्यांचं खरं दुःख आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र देव प्रसन्न झाला होता. बेळ्ळंदूर, सर्जापूर रोड, सगळीकडे पाणी. लाखालाखाच्या पगाराची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून ऑफिसला निघाली होती. ज्या दिवसासाठी गाडी सजवली तो दिवस! मी धावत खाली गेलो. थारची जागा रिकामी. गाडी गॅरेजात होती, स्नॉर्केल बसवायला. इंजिनात पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून श्वासाची नळी छतापर्यंत न्यायची, हे सगळं त्यांनी मला ट्रॉलीत माझ्या शेजारी उभं राहून समजावलं. कंपनीची मूळ थार कुठलीही नळी न लावता ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. आमच्या रस्त्यावर पाणी गुडघ्याएवढं होतं. मी बोललो नाही. शेजारधर्म असतो.

हल्ली गाडी रस्त्यावरच उभी असते, कारण छतावरच्या कॅरिअरसकट ती तळघराच्या आडव्या दांडीखालून जात नाही.

मागच्या दिवाळीत कऱ्हाडहून त्यांच्या मातोश्री आल्या. काकूंना होदिगेरेला जायचं होतं. बेंगळुरू ज्यांची जहागीर, ते शहाजीराजे १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून तिथे गेले. चन्नगिरीजवळ त्यांची समाधी आहे. मलाही बरोबर घेतलं. पहिला प्रश्न, काकूंना चढवायचं कसं. नऊवारीत त्या सीटपर्यंत पोचेनात. सूनबाईंनी चौरंग आणला तर काकू म्हणाल्या, “सत्यनारायणाच्या चौरंगावर पाय ठेवू? तुला काही वाटतं का?” अखेर मोरीतलं निळं प्लास्टिकचं स्टूल आलं. काकू चढल्या, दार लागलं आणि स्टूल रस्त्यावरच राहिलं, हे आम्हाला तुमकुरूजवळ इडली खायला थांबल्यावर समजलं.

काकूंनी गाडीतच इडली खाल्ली. पुढे टायरांच्या घरघरीत त्यांचं विष्णुसहस्रनाम चाललं होतं, ते ओठांवरून समजत होतं. रस्ता थेट समाधीपर्यंत डांबरी. तिथे क्लिअरन्सरावांनी मागे बांधलेला जेरीकॅन सोडला, आडवा घातला आणि आईला हात दिला. इतक्या वर्षांत त्या जेरीकॅनचा झालेला हा पहिला उपयोग.

भाऊबीज झाल्यावर काकू कऱ्हाडला परत गेल्या. मुलगा थारने सोडतो म्हणाला तर ऐकेनात. बसने गेल्या. बसला तीन पायऱ्या असतात.