फुटाला एक सूत

ज्याच्या घरी एकदा तरी फरशी बसली आहे, त्यास फरशीचा मिस्त्री हा इसम निराळा सांगावयास नको. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारामागील आमच्या गल्लीत तर त्याचाच अंमल चालतो. गृहिणीने अदबीने पुढे केलेल्या पेल्यातले दोन घोट घेऊन उरलेले पाणी मिस्त्री कोणाचाही मुलाहिजा न राखता सरळ जमिनीवर ओततात, आणि गुडघे टेकून, गाल फरशीला लावून त्या ओघळाचा मार्ग अशा एकाग्रतेने न्याहाळतात की यजमानही आपल्याच घरात आरोपीसारखा उभा राहतो. "पाहा जी, पानी मोरीकडं नाही, देवघराकडं चाललं!" हा निकाल, त्यावर अपील नाही.

उताराचे त्यांचे सारे शास्त्र फुटाला एक सूत, म्हणजे बारा इंचांना इंचाचा आठवा भाग, एवढ्यात सामावलेले आहे आणि मनुष्याची परीक्षाही ते त्याच मापाने करतात. भाचीच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलाची नोकरी, कुंडली आणि कुलशील सर्वमान्य झाले असता मिस्त्रींनी सरबत ओतले. ते न्हाणीघराच्या उंबरठ्याशी तुंबले आणि त्याबरोबर सोयरीकही तुंबली. एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी ताटकळत असता त्यांनी माठातले पेलाभर पाणी ओतले, तेव्हा तो प्रवाह थेट दप्तरांच्या ढिगाखाली शिरला व कित्येक वर्षे न हललेले अर्ज कारकुनाने धावत येऊन स्वहस्ते उचलले. प्रशासनास इतकी गती देणारा दुसरा पुरुष माझ्या पाहण्यात नाही.

महालातील जुन्या घरांत रंगीत नक्षीची सिमेंटची लादी दिसली की मात्र त्यांचा हात पेल्याकडे जात नाही. मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून, स्वदेशीच्या भरात, ही लादी घडविली, हे ते पूर्वजांच्या पराक्रमासारखे सांगतात. याउलट मोरबीची आरशासारखी व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, म्हणून नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही, निराळा चिकट मसाला लागतो. मिस्त्रींचा अभिप्राय असा : "जे पानीच पेत नाही, त्याच्याशी सोयरीक कशी जमन?"

हे सारे असह्य आहे. तथापि श्रावणात शेजारची न्हाणीघरे डबक्यांचे रूप घेतात, तेव्हा आमची मोरी तांब्या खाली ठेवण्यापूर्वी कोरडी होते, हेही नाइलाजाने नमूद केले पाहिजे.

परवा एका व्यापाऱ्याच्या वास्तुशांतीला मिस्त्री भेटले. नागपूरचा वैशाख त्यांनी त्याच घरात, पंखा नसताना, गुडघ्यांवर काढला होता. मकराण्याचा तो संगमरवर त्यांच्याच हातचा. दारातच धाकट्या मालकांनी फर्माविले, "पाय पुसून या, फरशी नवी आहे." मिस्त्रींनी पाय पुसले, दोनदा पुसले. पंगत जमिनीवर होती आणि त्यांच्या गुडघ्यांना आता मांडी सोसत नाही. खुर्च्या मानकऱ्यांसाठी राखलेल्या, म्हणून ते पान हातात घेऊन भिंतीशी उभ्यानेच जेवले. मधूनच वाढप्यास त्यांनी खडसावले की, "गंज कललाय जी, वरन सारं तिकडच्याच पंगतीले चाललं!" त्याने गंज सरळ केला, आणि आमच्या बाजूला वरण येऊ लागले.