समुद्र तेवढा राहिला
जगात जर्मनी, भारतात परभणी! पण समुद्र आणून द्यायचं कुणाला सुचलं नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पेन्शनर मंडळी समुद्रवाऱ्याशी भांडत गोल्फ खेळतात. परभणीचे गुरुजी 58व्या वर्षी निवृत्त होतात आणि पहाटे कृषी विद्यापीठाचा रस्ता धरतात. हातात काठी असतेच, पण ती कुत्र्यांसाठी. वाराही आहे, वैशाखात तोंड भाजतो. पाणी बघायचं तर जिंतूर तालुक्यात येलदरी धरण, नाहीतर गंगाखेडला गोदावरी.

गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं, तीही मोजून अठरा. इथल्या रस्त्यांवर असला कंजूषपणा नाही.

खरा सामना टपरीवर रंगतो, महागाई भत्त्याच्या थकबाकीवर. तिथे सगळेच तरबेज. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की मात्र एकाचाही हात खिशापर्यंत पोचत नाही.